हाई बाईनी म्हनेल शे

दोन शनिवार काही लिहिलं नाही. रिलीज होतं, मग रिलीजमध्ये सापडलेले बग होते, मग त्या बगांच्या दुरुस्तीतून निघालेले बग. ते सगळं संपलं आणि परवा भडगावला जाऊन आलो. आजचं पोस्ट त्याबद्दलच आहे, पण सुरुवात पिंक फ्लॉइडपासून करावी लागेल. भडगाव आणि पिंक फ्लॉइड यांचा संबंध लावणारा मी बहुधा पहिलाच माणूस असेन, तेव्हा जरा सांभाळून घ्या :-)

माझा रूममेट फ्लॉइडभक्त आहे. नाशिकचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, त्याच्या जन्माच्या आधीच बँड मोडलेला. पण घरातल्या भाऊबंदकीबद्दल बोलावं तसा तो त्या भांडणाबद्दल बोलतो. रॉजर वॉटर्स १९८५ साली बाहेर पडला, त्याचं म्हणणं आता बँड संपला. गिल्मर आणि मेसन म्हणाले, तू संपलास, बँड चालू आहे. मग नावावरून कोर्टकचेऱ्या, १९८७ मध्ये तडजोड. नंतर २००५ साली लंडनच्या लाइव्ह एटला चौघं एकदाच एकत्र उभे राहिले, आणि २००८ मध्ये रिक राइट गेला तेव्हा तोही विषय संपला. हा राइट म्हणजे एक वेगळीच गंमत. 'द वॉल'च्या वेळी त्याला बँडमधून काढलं आणि त्याच 'वॉल'च्या कार्यक्रमांत पगारी वादक म्हणून वाजवायला ठेवलं. कार्यक्रम तोट्यात गेले, भागीदारांच्या खिशाला चाट बसली, आणि पैसे सुटले ते फक्त पगारावर असलेल्या राइटला. हा किस्सा रूममेट अप्रेझलच्या दिवसांत दरवर्षी सांगतो.

या मंडळींत सगळ्यात मोठा वाद कुठल्या रेकॉर्डिंगला खरं मानायचं याचा असतो. लाइव्ह अल्बम चालतात. १९९५ च्या 'पल्स'मध्ये 'डार्क साइड ऑफ द मून' अख्खाच्या अख्खा लाइव्ह वाजवला आहे, तो चालतो. पण १९८७ च्या अल्बमला २०१९ मध्ये परत मिक्स केलं, मेसनने ड्रम्स नव्याने वाजवले, तर त्यावर अर्धे खूश आणि अर्धे सुतकात. आणि मग आला ऑक्टोबर २०२३. वॉटर्सने ऐंशीव्या वर्षी 'डार्क साइड' पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने पुन्हा केला, 'रीडक्स' नावाने. गिल्मर नाही, मेसन नाही, राइट तर जगातच नाही. त्या रात्री आमच्या फ्लॅटवर जेवण झालं नाही.

त्याचा खरा राग एका गाण्यावर होता. मूळ १९७३ च्या अल्बमवर 'द ग्रेट गिग इन द स्काय' नावाचं एक गाणं आहे, त्याला शब्द असे नाहीतच. क्लेअर टॉरी नावाची एक बाई फक्त आलापावर ते गाते. गाते म्हणजे, रडते, ओरडते, शांत होते. स्टुडिओत येऊन तेवढं करून ती गेली, मानधन तीस पौंड. पुढे तीस वर्षांनी तिने कोर्टात जाऊन आपलं श्रेय मागितलं आणि २००५ मध्ये तडजोड होऊन तिचं नाव रचनाकारांत लागलं. तर 'रीडक्स'मध्ये वॉटर्सने ती बाईच काढून टाकली. त्या जागी तो आपल्या खोल आवाजात एक पत्र वाचतो.

रूममेट म्हणाला, "बाईचा आवाज काढून स्वतःचा घालायचा, हे कुठे चालतं का?"

मी सहज म्हटलं, "त्याचंच गाणं आहे, त्याला परत म्हणावंसं वाटलं, म्हणू दे की."

"तुला काय जातंय बोलायला. तुमच्या घरच्या गीतरामायणाचं कोणी असं केलं तर?"

मी म्हटलं, गीतरामायण वेगळं. ते बाबूजींनी एकट्याने म्हटलंय, त्यात काढायला बाई आहेच कुठे.

त्याची आई तेव्हा फोनवर होती. स्पीकर चालू. ती पलीकडून म्हणाली, "अरे, असं काय बोलतोस! मुळात रेडिओवर सीतेची गाणी माणिक वर्मांनी म्हटलीत. फडक्यांच्या रेकॉर्डी नंतरच्या."

मी हातातलं ताट खाली ठेवलं. कारण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. दहा-बारा वर्षांपूर्वी, भडगावला, अहिराणीत, आणि घरात कोणीही त्यावर विश्वास ठेवला नव्हता.

*

आता आमच्या घराबद्दल. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. १९८८ साली त्यांना पगाराचा काहीतरी फरक मिळाला, त्यातून त्यांनी टेपरेकॉर्डर आणि गीतरामायणाच्या कॅसेटचा संच घेतला. आईला मिक्सर हवा होता, तो पुढे पाच वर्षांनी आला. हे आई अजून सांगते. चैत्रात गुढीपाडव्यापासून रामनवमीपर्यंत रोज सकाळी कॅसेट लागायची, बाहेर आठ वाजताच ऊन चटके द्यायला लागलेलं, आणि लोडशेडिंगच्या आधी जेवढी होतील तेवढी गाणी. एक कॅसेट नेहमी गुंतायची. मी पहिलीत असल्यापासून पेन्सिल घालून रीळ गुंडाळायचं काम माझ्याकडे होतं. माझ्या तांत्रिक कारकिर्दीची सुरुवात ती :-)

आबा, म्हणजे माझे आजोबा, ओट्यावर बसून ऐकायचे. मॅट्रिक झाल्यावर ते दीडेक वर्ष पुण्याला होते, एका छापखान्यात खिळे जुळवायला. साल १९५५. शुक्रवार पेठेत चार जण मिळून एक खोली, आणि घरमालकांच्या खिडकीत रेडिओ. मग त्यांचे वडील वारले, आबा परत आले ते गिरणाकाठची चार एकर कपाशी सांभाळायला. पुण्याबद्दल ते फार बोलायचे नाहीत. एक मात्र सांगायचे, "लोके रेडिओले हार घालेत." आम्हा नातवंडांना ती अतिशयोक्ती वाटायची. आणि दुसरं, की शुक्रवारी पावणेनऊला गाणं लागायचं, ते संपेपर्यंत ते खिडकीखालून हलायचे नाहीत, आणि छापखान्यात उशिरा गेल्याबद्दल पैसे कापले जायचे.

हे मी आता पंचांग उघडून ताडून पाहिलं (सवय!). गीतरामायण पुणे आकाशवाणीवर सुरू झालं १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, आणि त्या दिवशी शुक्रवार होता. कल्पना सीताकांत लाडांची, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. आठवड्याला एक गाणं, वर्षभर. त्या वर्षी अधिक भाद्रपद आला, वर्ष लांबलं, म्हणून बावन्नाऐवजी छप्पन्न गाणी झाली. पुढची रामनवमी १९ एप्रिल १९५६. मधले शुक्रवार मोजले तर पंचावन्न भरतात आणि १९ तारखेला गुरुवार येतो, म्हणजे शेवटचं गाणं धरून बरोबर छप्पन्न. ऑफ-बाय-वन न होता जुळलेला हिशेब बघून मला जो आनंद झाला तो फक्त प्रोग्रामरलाच कळेल. असो.

२०११ च्या सुमारास आबांना विसरायला व्हायला लागलं. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग आम्ही. आणि त्याच काळात ते सकाळी कॅसेट चालू असताना मध्येच हात वर करून थांबवायला लागले. सुवर्णमृगाचं गाणं लागलं की हमखास. म्हणायचे,

"हाई त्यानं नही. हाई बाईनी म्हनेल शे."

पप्पा समजावायचे. "आबा, हे फडकेच आहेत. सगळी गाणी त्यांचीच."

"नही रे भाऊ. बाई शे ती."

मग पप्पा खोका आणून त्यावरचा फोटो दाखवायचे. आबा फोटोकडे बघायचे, खोका उलटा करून मागे बघायचे, जणू बाई तिकडे असेल. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. मी तेव्हा नववी-दहावीत. मला हसू यायचं, आणि एकदा मी आबांची नक्कल करून दाखवली म्हणून आईने पाठीत धपाटा घातला होता.

जळगावला एका डॉक्टरांना दाखवायला नेलं तेव्हा मी बरोबर होतो. डॉक्टरांनी विचारलं, बोलण्यात काय फरक जाणवतो? पप्पांनी जी दोन-तीन उदाहरणं दिली त्यात हे पहिलं होतं. "पुरुषाचा आवाज ऐकतात आणि म्हणतात बाई गातेय. पंचवीस वर्षं घरात तीच कॅसेट वाजतेय, डॉक्टर." डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

आबा २०१३ च्या पावसाळ्यात गेले.

*

त्या फोननंतर मी रात्रभर शोधत बसलो. रूममेटला झोप येईना म्हणून तोही बसला. गोष्ट अगदी उघड आहे, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना वर्षानुवर्षं माहीत आहे. फक्त आमच्या घरात माहीत नव्हती. रेडिओवर १९५५-५६ मध्ये प्रत्येक पात्राला वेगळा गळा होता. रामाची गाणी फडके स्वतः गायले. सीता माणिक वर्मा. कौसल्या ललिता फडके. मालती पांडे होत्या, वसंतराव देशपांडे होते, सुरेश हळदणकर, राम फाटक. व्हायोलिनवाले प्रभाकर जोग फडक्यांचे सहायक. आज असा संच जमवायचा म्हटलं तर तारखा जुळवतानाच प्रोजेक्ट मॅनेजरला घाम फुटेल. आणि हे दर आठवड्याला, गदिमांचं गाणं आयत्या वेळी हातात पडल्यावर.

मग साठच्या दशकात एचएमव्हीने दहा एलपींचा संच काढला, तो मात्र सबंध फडक्यांच्या आवाजात. राम तेच, सीता तेच, कैकेयी तेच, हनुमान तेच. कॅसेट आल्या त्या त्याच्याच. शिवाय ते गावोगाव कार्यक्रम करत होते, पेटी पुढे घेऊन, आणि तिथेही सगळी पात्रं एकटेच. रेडिओचं रेकॉर्डिंग आकाशवाणीच्या कपाटात, एलपी दुकानात. महाराष्ट्राने दुकानातलं घरी आणलं. दहा-पंधरा वर्षांत मूळ काय होतं हे फक्त ज्यांनी १९५५ मध्ये खिडकीखाली उभं राहून ऐकलं त्यांच्याच डोक्यात उरलं असणार. आणि ती डोकी एकेक करून आबांसारखी विझत गेली.

रूममेट म्हणाला, "म्हणजे फडक्यांनी रीडक्स केलं. आणि तुम्ही सगळ्यांनी रीडक्सच ओरिजिनल म्हणून ऐकलंत."

मला ते झोंबलं. पण विचार केल्यावर वाटलं, दोन गोष्टी एक नाहीत. वॉटर्सच्या वेळी मूळ अल्बम जगातल्या कोट्यवधी घरांत पडून होता, प्रत्येकाच्या कानात ती बाई होती, ती काढल्यावर खड्डा दिसणारच. फडक्यांचं तसं नव्हतं, कोणाच्या घरात काही नव्हतंच. आणि दुसरं असं, की एकच माणूस राम, सीता, रावण सगळं होतो हे आपल्याला मुळीच खटकत नाही. आपण कीर्तन ऐकत आलोय. बुवा उपरणं डोक्यावर घेतात तेव्हा ते सीता असतात आणि खांद्यावर टाकतात तेव्हा राम. शिवाय गीतरामायणाची मांडणीच अशी, की लव-कुश रामापुढे उभे राहून ही कथा गातात. म्हणजे कथेतसुद्धा सीतेचं दुःख सीता गातच नाही, दुसरं कोणीतरी गाऊन दाखवतं. त्या न्यायाने एका गळ्यातून सगळं येणं हे जास्तच बरोबर.

हे सगळं मी रूममेटला पटवून दिलं. त्याला पटलंही, निदान तीन वाजले होते म्हणून तो हो म्हणाला. आणि मग आम्हाला नेटवर ते सापडलं. कोणीतरी आकाशवाणीवरून टेप केलेलं, खरखर, मध्ये कुठेतरी आवाज बुडतो. सुवर्णमृगाचं गाणं. माणिक वर्मा.

मी हेडफोन लावून ऐकलं. ते गाणं मला पाठ आहे, प्रत्येक जागा पाठ आहे, झोपेतही म्हणेन. बाबूजी ते फार सुंदर म्हणतात, कळतं की सीता हट्ट करतेय. इथे ती हट्ट करत होती. याहून नीट मला सांगता येत नाही. संगीतातलं मला कळत नाही, कोणता राग तेही विचारू नका. पण 'बाई शे ती' याला दुसरा शब्द नाही. आबांना माणसं आठवत नव्हती तेव्हाही तो आवाज आठवत होता, आणि पंचवीस वर्षं मुलाने हौसेने आणलेली महाग कॅसेट चालू असताना ते एक अक्षर बोलले नव्हते. बोलले ते विसरायला लागल्यावर. आधी बहुतेक त्यांना पप्पांना दुखवायचं नसेल. हा आपला माझा अंदाज.

रूममेटने हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. पूर्ण ऐकलं. त्याला मराठी गाण्यांचं वावडं आहे. परत देताना म्हणाला, "यांना नंतर श्रेय मिळालं ना?" मी म्हटलं, अरे, यांचं नाव आधीपासून मोठंच होतं, कोर्टात जायची वेळ यांच्यावर नाही आली. पण आमच्या खोक्यावर कुठे होतं त्यांचं नाव? असायचं कारणच नाही, त्यात त्या गायल्याच नव्हत्या.

*

ही गोष्ट पप्पांना सांगायला मला दीड वर्ष लागलं. फोनवर सांगण्यासारखी नव्हती. गेलो की विषय काढायचा ठरवायचो आणि मग कळण्याची भाकरी, भरीत, कोणाचं लग्न, कापसाला भाव नाही यातच दोन दिवस संपायचे. खरं सांगायचं तर मला त्या डॉक्टरांच्या खोलीची आठवण काढायची नव्हती.

परवा दुपारी काढला. पप्पा आता निवृत्त आहेत. जेवण झालं होतं, कूलरचा आवाज, बाहेर चिटपाखरू नाही. काही न सांगता मोबाइलवर गाणं लावलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

पहिल्या ओळीला त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कोणाचं आहे?"

"माणिक वर्मा. हे रेडिओवरचं पहिलं. बाबूजींचं नंतरचं."

त्यांनी कूलर बंद केला. उठून बंद केला, मला सांगितलं नाही. एवढ्या उन्हाचं आमच्याकडे कोणी कूलर बंद करत नाही. गाणं संपेपर्यंत बसून राहिले. संपल्यावर म्हणाले, "परत लाव." परत लावलं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, तिला लगेच कळलं, तिने पदर तोंडाला लावला.

पप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी त्यांना खोका दाखवायचो."

मला काहीतरी समजुतीचं बोलायचं होतं. तुम्हाला कुठे माहीत होतं वगैरे. पण ते उठले आणि टाकीत पाणी चढवायला मोटार लावायला निघून गेले. मोटार सकाळीच लावून झाली होती.

संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, बाईंची अजून कोणती आहेत? मला सापडली तेवढी ऐकवली. सीतेचं वनवासात मीही येणार म्हणून सांगणारं गाणं त्यांनी तीनदा ऐकलं. मध्येच म्हणाले, "पण रामाचं बाबूजींचंच पाहिजे." मी म्हटलं, रामाचं इथेही बाबूजींचंच आहे. तेव्हा त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं. मग म्हणाले, "आबा खिडकीखाली उभे राहायचे. त्या घरमालकाने त्यांना कधी घरात बोलावलं असेल का?" हे मला कधी सुचलंच नव्हतं.

निघायच्या आधी त्यांना पेन ड्राइव्हवर सगळं हवं होतं. त्यांच्याकडे एक चिनी स्पीकर आहे, त्याला लावतात. बाबूजींच्या गाण्यांचा फोल्डर मी कॉलेजात असताना केलेला, त्याचं नाव 'गीतरामायण ओरिजिनल'. आता रेडिओच्या गाण्यांच्या फोल्डरला काय नाव द्यायचं? पप्पांना विचारलं. ते म्हणाले, "जुनं नाव बदलू नकोस, मला सवय आहे." म्हणून दुसऱ्याचं नाव 'आबा' दिलं.

पुण्यात पोचल्यावर फोन आला. तो स्पीकर फोल्डर वगैरे काही जुमानत नाही, सगळ्या फाइली एकत्र करून नावाच्या क्रमाने लावतो. आणि गाण्यांची नावं दोन्हीकडे सारखीच. त्यामुळे सीतेचं गाणं आधी बाबूजी म्हणतात, लगेच माणिक वर्मा म्हणतात, मग पुढचं. मी म्हटलं, पुढच्या वेळी येऊन नीट करून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. पप्पा म्हणाले, राहू दे.

आई मागून ओरडत होती की स्वयंपाक होतो पण वनवास संपत नाही.